शनिवारची सही

“हासाजी अष्टमकर.”

“हजर,” गोविंदा म्हणाला आणि रांगेतून पुढे झाला.

मुंबईहून हिशेबाला आलेल्या साहेबाने मान वर केली नाही. शेजारी बसलेल्या टाइमकीपर हैबतरावांनी मात्र केली. साहेबाला माणसं ओळखून देण्यासाठीच त्यांना तिथे बसवलं होतं, आणि हासाजी कोण, गोविंदा कोण, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हो, हाच,” ते म्हणाले.

रोह्याजवळचा तो केमिकल कारखाना १९९८ च्या उन्हाळ्यात बंद झाला. नोटीस लागली. कामाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळेल. बॉयलर खात्याचा हिशेब शनिवारी. ज्याने त्याने स्वतः येऊन आकडा ऐकायचा आणि सही करायची. जो येणार नाही, त्याने आपणहून नोकरी सोडली असं धरलं जाईल.

हासाजी नदीपलीकडच्या अष्टमी गावचा ज्यू. भाऊबंद इस्रायलला गेले, हा राहिला. शनिवारी तो विस्तव पेटवत नसे, गाडीत बसत नसे, पेन हातात धरत नसे. बॉयलरवर पोट असलेल्या माणसाला हे जड होतं. त्याची सुट्टी सोमवारी येई, गोविंदाची शनिवारी. अदलाबदल मागितली तेव्हा जुन्या मॅनेजरने नियम दाखवला. मग दोघांनी आपसातच मिटवलं. शनिवारी गोविंदा हासाजीचा पितळी बिल्ला लावून भट्टी सांभाळायचा आणि मस्टरवर हासाजीची सही करायचा. सोमवारी हासाजी गोविंदाच्या नावाने उभा राहायचा, आणि गोविंदा पेणला जाऊन बापाला मिठागरावर हातभार लावायचा. भट्टीला वाफेशी मतलब. हैबतरावांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आता तीच सोय गळ्याशी आली होती. शनिवारी येता येत नाही, असं हासाजीने सांगायचं कुठल्या तोंडाने? मस्टरवर त्याचे सगळे शनिवार भरलेले. खोटी हजेरी उघडी पडली असती, तर दोघांनाही हात हलवत घरी जावं लागलं असतं.

काल संध्याकाळी पुलावर गोविंदाने विषय संपवला होता.

“तू घरीच रव. तुझं मी बघतो.”

“नि तुझं?”

“माझं सोमवारी हाय.”

ते खोटं होतं. गोविंदाचं नावही आजच्याच यादीत होतं. पण एक माणूस दोन नावांना उभा राहू शकत नाही, आणि कोणतं नाव सोडायचं ते त्याने ठरवून टाकलं होतं. आपण अजून चाळिशीत नाही, टेम्पो चालवू. हासाजीला या वयात कोण कामावर घेणार? त्याच्या लेकीला, शीराला, नर्सिंगला घालायचंय. आपण सोमवारी तापाचा दाखला घेऊन येऊ, पाया पडू, भांडू. मिळालं तर मिळालं.

“अष्टमकर, सतरा वर्षं,” साहेब म्हणाला आणि आकडा सांगितला.

गोविंदा हलला नाही. हासाजीने भरपाईचा अंदाज त्याच्याकडून काल तीनदा पाठ करून घेतला होता. “एकोणीस, साहेब. पहिली दोन सोडलीत.”

“तेव्हा तुम्ही टेम्पररी होता.”

“टेम्पररी असलो तरी दिवस भरलेत. ती वर्षं धरावी लागतात. धरल्याबिगर मी सही करणार नाय.”

साहेबाने हैबतरावांकडे पाहिलं. हैबतरावांनी मान डोलावली. साहेबाने आकडा खोडून नवा घातला आणि मग एकदम विचारलं, “तुम्ही ज्यू ना? तुमच्यात शनिवार पाळतात म्हणे.”

रांगेत कोणीतरी खोकलं.

“मस्टर बघा, साहेब,” गोविंदा म्हणाला. “एका शनिवारचा खाडा नाय.”

सही त्याने न अडखळता केली. हात बसलेला होता. मग तो बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“गोविंदा गावंड.”

सगळं बॉयलर खातं आपापल्या चपलांकडे बघत राहिलं.

“गोविंदा गावंड,” साहेब पुन्हा म्हणाला. “आलेत का? नाही? मग काट मारतो.”

हैबतरावांनी गोविंदाकडे पाहिलं. गोविंदाने हळूच मान हलवली. मारू दे. साहेबाचं पेन कागदाला टेकलं.

“हजर.”

आवाज दारातून आला. तिथे हासाजी उभा होता. अंगात शनिवारचा धुतलेला पांढरा सदरा, पाठीला घामाने चिकटलेला. पाय घोट्यापर्यंत धुळीने माखलेले. अष्टमीपासून पूल ओलांडून तो सगळी वाट चालत आला होता.

“हो, हाच गोविंदा,” हैबतराव घाईने म्हणाले. “ह्याला उशिरा यायची खोडच हाय.”

हासाजी गोविंदाच्या अगदी जवळून पुढे गेला. “बॉयलर खातं सगळं एकच,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “माझा हिशेब आज नि तुझा सोमवारी? मला काय येडा समजलास?”

साहेबाने अकरा वर्षांचा आकडा वाचला. हासाजीने तो मनातल्या अंदाजाशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. साहेबाने पेन पुढे केलं.

गोविंदा भिंतीपासून सुटला. “साहेब, जरा थांबा,” तो म्हणाला. “ह्यांची सही सोमवारी घेतली तर…”

“आज म्हणजे आज,” साहेब म्हणाला.

हासाजीने सदऱ्याला हात पुसला, पेन घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा शनिवारी अक्षरं लिहिली: गोविंदा गावंड.