ठणठणीत माणसांची गोळी

"लोखंड लाल होतं इथे, बाई. जंतूची काय टाप आहे जगायची!" उस्तादांनी काच वितळवायच्या भट्टीकडे हात केला आणि गोळी परत डॉक्टरबाईंच्या तळहातावर ठेवली.

"लाल होतं ते फुंकायच्या नळीच्या त्या टोकाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही तोंड लावता त्या टोकाला नाही."

काच फुंकणारे सगळे फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. हसायची वेळ नव्हती. उस्तादांची लेक, कारखान्यातली सगळ्यात दमदार फुंकणारी, परवा काम करता करता भट्टीसमोरच कोसळली होती. अंगात फणफणून ताप, मान लाकडासारखी ताठ. मेंदूच्या आवरणाला सूज आलीय, असं इस्पितळातून कळलं. तेव्हापासून ती शुद्धीवर नव्हती. मोठं भांडं फुगवताना एकाचा दम संपला की तीच नळी दुसऱ्याच्या तोंडात जायची. म्हणून आज डॉक्टरबाई गोळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या.

"उभ्या जन्मात मी डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेतलेली नाही," उस्ताद म्हणाले. "मला झालंय काय?"

"काहीच नाही. तीच तर पंचाईत आहे. आजारी असता तर घरी पडून राहिला असता. हा जंतू ठणठणीत माणसाच्या घशात मुक्काम ठोकतो. त्याला काही करत नाही. लाळेतून पुढे जातो आणि पुढच्या एखाद्याला आडवं करतो."



"म्हणजे..." उस्तादांचा आवाज खाली आला. "माझ्याकडून गेला तिला?"

हाच प्रश्न परवापासून प्रत्येकाच्या मनात होता. काचेच्या कडा घासणाऱ्या मावशी तर धड जेवल्याही नव्हत्या.

"ठाऊक नाही, आणि मी शोधणारही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून तर सगळ्यांना एकदम द्यायची. ज्याच्या घशात असेल त्याच्या घशातून जाईल. कुणाच्या होता, ते कुणाला कळायलाच नको."

तेवढ्यात उस्तादांचा फोन वाजला. जावयाचा होता. हा जावई एरवी इतका हळू बोलायचा, की प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणावं लागे. आज त्याचा आवाज साऱ्या कारखान्याने ऐकला.

"डोळे उघडले! बाबा, तिने डोळे उघडले! मला ओळखलं, पाणी मागितलं, नर्सबाईंवर डाफरलीसुद्धा!"

एकच गलका झाला. मावशी हसता हसता रडायला लागल्या. कुणीतरी पत्र्याची बादली बडवायला घेतली. "अरे गप्प बसा, गप्प!" असं म्हणत उस्तादच सगळ्यात मोठ्याने ओरडत होते.

मग फोनवर लेकीचा आवाज आला. घोगरा, तुटक. "बाबा... यांना इथे गोळी दिली. तुम्ही घेतलीत?"

"घेतली ग! केव्हाच घेतली!" उस्तादांनी डॉक्टरबाईंच्या हातातली गोळी झडप घालून उचलली आणि पाण्यावाचूनच तोंडात टाकली. जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"खोटं बोलताय," लेक म्हणाली.

"आता नाही!"

फोन ठेवून त्यांनी तोंड पुसलं आणि बाह्या सरसावल्या.

"बघत काय उभे राहिलात? घ्या गोळ्या! आणि गिळली की आ करून दाखवा मला, एकेकाने!"

"ते काम माझं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण ऐकतंय कोण!

सगळे भट्टीसमोर उभे राहिले, माना मागे टाकून, हसू आवरत, भला मोठा आ वासून. भट्टीचा तांबडा उजेड एकेकाच्या घशात थेट आतपर्यंत पोचत होता, आणि उस्ताद वाकून वाकून बघत होते.