डावीकडची खिडकी

"पंख वर हायेत का खाली?" धोंडीरामने तिसऱ्यांदा विचारलं.

"वर आहेत, अण्णा. म्हणून तर खिडकीतून खालचं सगळं दिसतं," योगेश म्हणाला.

"मग आईला डाव्या अंगाला बसव."

"एवढी चौकशी करता, तर चला की बरोबर!" कुसाबाई घरातून ओरडली. नवं नऊवारी नेसून ती उजाडायच्या आधीच तयार बसली होती. योगेश मुंबईला नोकरीत. नातीच्या बारशाला तो आईला विमानाने नेणार होता; तसा शब्द त्याने उन्हाळ्यातच दिला होता. ओझरहून तेव्हाच सुरू झालेलं 'सारंग', दोन पंख्यांचं छोटं विमान, रोज त्यांच्या मळ्यावरून घोंघावत जाई.

"मला नाय जमायचं. फुलांना पाणी द्यायचंय."

फुलांचं नाव निघताच कुसाबाईचं डोकं तापलं. यंदा नवऱ्याने मळ्याची पार रया घालवली होती. पांढऱ्या शेवंतीत मधेच झेंडू, तोही सरी सोडून वाकडातिकडा. दिवाळी गेली तरी झेंडूचं एक फूल तोडू दिलं नव्हतं. संध्याकाळ झाली की स्वारी कुठेतरी गायब. पत्ते कुटत असणार! साक्षरता वर्गाला चला म्हटलं, तर अंगठा नाचवून म्हणाला होता, "याच्यावर झाला ना संसार?" मग ती एकटीच गेली, एकटीच शिकली.

"योग्याची आई, चष्मा लावून बस," धोंडीराम म्हणाला.

"आज तरी नावानं हाक मारा. विमान पडलं तर कुणाच्या नावानं रडाल?"

"योग्याच्या आईच्या!" तो लाजून हसला आणि खांद्यावर फावडं टाकून चालता झाला. फाट्यापर्यंतसुद्धा सोडायला आला नाही.

कुसाबाईने डोळे पुसले. पण विमानतळावर प्रत्येक पाटी मोठ्याने वाचता वाचता तिचा रुसवा कुठल्या कुठे गेला. पंखे गरगरले, जमीन पळू लागली. तिने योगेशचा हात गच्च धरला.

"उडालो का रे?"

"कधीच! खाली बघ."

"अगं बया! द्राक्षांचे मळे बघ, गोधडीच्या ठिगळांसारखे!" ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटू लागली. पुढच्या रांगेतले लोक वळून हसले. "ती आपली विहीर! योग्या, आपला मळा!"

विहिरीवर मुंगीएवढा माणूस पांढरं उपरणं हलवत होता. शेजारी शेवंतीची पांढरी चादर पसरली होती आणि तिच्यावर झेंडूच्या भगव्या रेघा. इथून त्या वाकड्या दिसत नव्हत्या.

तिने चष्मा पुसला, काचेला नाक लावलं आणि वर्गात शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर लावत वाचू लागली.

"क ला उकार, कु. स ला काना, सा."