उरलेला दिवस

ओहोटी लागली तशा उत्तरेच्या बोटी नदीच्या मुखाशी मागे सरल्या, आणि माणसं टोपल्या-फावडी घेऊन तटावर चढली. सकाळभर त्यांचे तोफगोळे खाऊन तट जागोजागी खचला होता. भरतीबरोबर बोटी परत येणार, त्याआधी खड्डे बुजायला हवेत. अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या उत्तर-दक्षिण भाऊबंदकीत जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचे विटांचे किल्ले कोसळले होते. नुसत्या वाळूचिखलाचा हा मात्र उभा होता, याचं तो सांभाळणाऱ्या दक्षिणेच्या कप्तान प्रुएटला भारी कौतुक. ती वाळू रोज कोण भरतं, ते त्या कौतुकात येत नसे. भरणारे भातमळ्यांतले गुलाम होते, आणि किल्ला पडला तर सुटणारेही तेच.

क्वाशच्या वाट्याला सगळ्यांत मोठा खड्डा आला. त्याच्याखाली गोळ्यांपासून लपायची लाकडी छपराची खोली होती. सकाळी वर गोळा फुटला, वाळू घसरली आणि तिचं दार बुजलं. आत क्वाशचा धाकटा भाऊ मिंगो अडकला होता. तो जिवंत होता. खालून छपरावर ठोकत होता, आणि ते वर सगळ्यांना ऐकू येत होतं. प्रुएटलाही.

क्वाशने खणायची परवानगी मागितली. प्रुएट म्हणाला, खणलंस तर तट आणखी ढासळेल, आणि भरती काही थांबायची नाही, भरून टाक. हे तो रागावून म्हणाला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मळ्यावरचा एक रिवाज किल्ल्यावरही चालत असे. ज्याला त्याला कामाचा वाटा मापून द्यायचा, आणि वाटा संपला की उरलेला दिवस ज्याचा त्याचा. मग तो मासे धरो की आपली रताळी खणो, मालकसुद्धा हाक मारत नसे. बापजाद्यांनी मार खाऊन मिळवलेला तेवढा एक शब्द होता, आणि मळ्यावर तो सहसा मोडत नसे. क्वाशने त्या शब्दावर भरवसा ठेवला आणि खड्डा भरायला घेतला.

अंगात आल्यासारखा तो टोपल्या ओतत होता.  शेजारच्या खड्ड्यातला स्किपिओ राहवेना म्हणून बोललाच.

"भावाला पांघरूण छान घालतोयस रे."

क्वाशने पुढची टोपली ओतली. दर टोपलीबरोबर पायांखालचा आवाज मंद होत होता. वाळू वाढली म्हणून, की मिंगो दमला म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. कान द्यायला थांबलं की वेळ जायचा, म्हणून त्याने कान देणंच सोडलं.

बाकीच्यांचे खड्डे अर्धेही भरले नव्हते तेव्हा त्याने मुकादमाला हाक मारली. मुकादम सँचोही गुलामच, पण मापाची काठी त्याच्या हाती असे.

"मापा, काका."

सँचोने काठी लावली. "पुरा," तो हळूच म्हणाला. "वीतभर जास्तच आहे."

कमी पडलं म्हणून कोणी अडवू नये, एवढ्यासाठी क्वाशने ती वीत घातली होती.

"मग उरलेला दिवस माझा," तो म्हणाला, आणि त्याच वाळूत त्याने फावडं घातलं.

प्रुएटने एका शिपायाला ते काढून घ्यायला सांगितलं.

"दिवस तुझा," तो क्वाशला म्हणाला. "वाळू सरकारची."

क्वाशने सँचोकडे पाहिलं. सँचो काठीला लागलेली वाळू पुसत होता. त्याला उद्याही मापायचं होतं. क्वाश हातांनी उकरू लागला, तेव्हा दोन शिपायांनी त्याला ओढून खाली नेलं आणि ते तटाशी संगिनी रोखून उभे राहिले. मात्र रिवाज पाळला गेला. त्याला दुसऱ्या कामाला कोणी बोलावलं नाही.

भरतीबरोबर बोटी आल्या. ते दोन शिपाई तटाच्या पायथ्याशी वाट अडवून राहिले, बाकी सगळे आडोशाला पळाले, क्वाश उघड्यावर बसून राहिला. एक गोळा त्या भरलेल्या खड्ड्यावर पडू दे, असं तो उत्तरेच्या तोफांना विनवत होता. निदान वाळू तरी उडेल. गोळे डोक्यावरून जाऊन मागच्या दलदलीत पडत राहिले. चुकलेल्या प्रत्येक गोळ्याला शिपाई टोप्या उडवत होते.

बोटी गेल्यावर प्रुएट तट पाहत हिंडला. क्वाशच्या जागेवर ओरखडाही नव्हता. त्याने सगळ्यांना तिथे बोलावलं.

"वाटा भरावा तर असा," तो म्हणाला, आणि तट किती घट्ट बसलाय ते दाखवायला त्याने बुटाची टाच दोनदा आपटली.

खालून कोणी ठोकलं नाही.