घंटी तेवढी वाजव

“घंटी वाजव, मागच्या गल्लीतून लपवून नेऊ नकोस मला,” हे सायकलच्या कॅरियरवरून म्हणाले होते. दुसऱ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले, म्हणून नसबंदी यांनी करून घेतली. डॉक्टरांनी सायकल चालवायला मनाई केल्यामुळे मीच यांना डबलसीट आणलं. नाक्यावर कुणीतरी हसलं, “काय टेलरमास्तर, बायको सारथी?” “हिची एवढी व्रतं, माझं एकच!” यांचं उत्तर. शेवटच्या आजारात त्यांनी मुलाकडून वचन घेतलं, “नसबंदीच्या ऑपरेशनला सूनबाईला पाठवू नकोस, तू जा.” आज अशक्त सूनबाई त्यासाठीच पिशवी भरत होती. मी जपमाळ ओढत राहिले. इतक्यात मुलाने वडिलांची सायकल काढली. “पिशवी ठेव, मी जातो. आई, येताना चालवशील?” “गुडघे कुठे साथ देतात रे?” “ढकलत आणू. घंटी तेवढी वाजव.” माळ ठेवून मी चपला घातल्या.