दुसरी डहाळी

नावाड्याचं नाव कोरून झालं होतं. तारीखही झाली. पदकाच्या पाठीवर उजवीकडची जागा तेवढी रिकामी उरली होती, आणि कोरणारा डोळ्याला भिंग लावून सकाळपासून त्या रिकाम्या जागेकडे बघत बसला होता.

"अजून नाही झालं?" सेक्रेटरी दुकानाची पायरी चढता चढताच म्हणाला. माणूस भला, पण सदा घोड्यावर बसून आलेला. "अहो, उद्या समारंभ आहे!"

जीवरक्षक मंडळाचं हे पदक फार जुनं. नदीत होड्या बुडायच्या आणि माणसं माणसांना ओढून काढायची, त्या काळापासूनचं. सुरुवातीला सगळ्यांना सारखंच मिळे. मग भांडणं लागली. ज्यानं जिवंत माणूस काढला त्याला तेच आणि ज्यानं प्रेत काढलं त्यालाही तेच, हा कुठला न्याय? तेव्हा मंडळानं ठरवून टाकलं: प्रयत्नाला एक डहाळी, जिवाला दोन. डावीकडची डहाळी साच्यातूनच उठून यायची. उजवीकडची हातानं कोरायची, तीही बुडालेलं माणूस वाचलं तरच. कोरणाऱ्याच्या आज्यानं त्या कोरल्या, बापानं कोरल्या, आणि यानं तर इतक्या कोरल्या होत्या की झोपेतही हात चुकला नसता. या पदकाला हात लावायचं मात्र त्याच्या जिवावर आलं होतं. नावाड्यानं पाण्यातून काढलेली मुलगी त्याची स्वतःची होती.

"कशी आहे?" सेक्रेटरीनं आवाज खाली आणून विचारलं.

"आहे."

"श्वास?"

"चालू आहे."

यंत्रावर चालू आहे, हे त्यानं सांगितलं नाही. पहाटे डॉक्टर काय म्हणाले तेही नाही. मेंदू संपलाय, छाती वरखाली होते ती यंत्रामुळे, यंत्र काढायचं का ते आता घरच्यांनी ठरवावं. बायको म्हणाली होती, तुम्ही सांगाल तसं. ती मुलीच्या उशाशी बसून राहिली आणि हा दुकानात पळून आला.

"श्वास चालू म्हणजे वाचली. नियमात बसतं," सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. "कोरा तर मग. देव करो नि उठून बसो पोरगी."

तो गेला आणि कोरणाऱ्यानं कोरणी उचलली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं बुडालेलीच्या बापाला डहाळी मिळाली होती. एक पान उमटलं की वाटे, चला, एवढं तरी झालं. वेडी आशा होती, पण होती. त्यानं पानांच्या शिरासुद्धा काढल्या. उद्या मंडपात त्या कुणाला दिसणार नव्हत्या. तरी काढल्या. शेवटच्या पानाशी आला तेव्हा दारात नावाडी उभा होता.

"ये. बस."

नावाडी बसला नाही. "काका, मला एकच द्या."

"काय एकच?"

"डहाळी. दुसरी नको. लोक पाठ थोपटतात आणि मला घास गिळवत नाही."

"अरे, जिवंत आहे ती! तूच तर काढलीस."

नावाडी खाली बघत राहिला. "मी काढली तेव्हाच ती गेली होती, काका. मला पाण्यातच कळलं. पण तुम्ही काठावरून ओरडलात, हलली, हलली! मग मी छाती दाबतच राहिलो, दवाखान्याची गाडी येईपर्यंत." त्यानं स्वतःचे तळवे पुढे धरले. "ती हलत नव्हती. मी हलवत होतो."

कोरणाऱ्याला राग आला, असा की हातातली कोरणी फेकून मारावी. मग तो राग कुठे गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्या दिवसापासून त्यालाही हे ठाऊक होतं. कुणी तोंडानं बोललं नव्हतं, एवढंच.

"कोरलेलं पुसता येतं का?" नावाड्यानं विचारलं.

"पुसलं जात नाही. खरवडावं लागतं. पण चांदी तेवढी खाली जाते. बोट फिरवलं की खड्डा लागतो."

"लागू दे."

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. "अहो, डॉक्टर आलेत. समोरच उभे आहेत. काय सांगू?"

नावाडी तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागला. कोरणाऱ्यानं फोन तसाच चालू ठेवून पदक बसवलेल्या ठोकळ्याशेजारी ठेवला, खरवडायचं पातं हातात घेतलं आणि सगळ्यात वरच्या पानापासून खरवडायला सुरुवात केली.

पलीकडे बायको ऐकत राहिली. कोरणी चांदीत चालते तेव्हा आवाज जवळजवळ होतच नाही. खरवडताना मात्र करकर होते, दात शिरशिरतात. तिचा सगळा संसार या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला होता. नवरा कधी कोरतो आणि कधी कोरलेलं काढून टाकतो, हे तिला स्वयंपाक करता करता कळायचं. आज ठोकळ्यावर नावाड्याचं पदक आहे, हेही तिला ठाऊक होतं.

एक पान गेलं. दुसरं गेलं. फोनमधून यंत्राची टिकटिक तेवढी येत होती. मग तिचा आवाज आला, अगदी रोजचा.

"बरं," ती म्हणाली. "सांगते त्यांना."