सत्तावीस नंबरची कुपी

कुप्यांवर धावपटूंची नावं नव्हती, नुसते आकडे. पण सत्तावीस नंबरची लघवी आपल्या धाकट्या भावाची आहे, हे प्रयोगशाळेतल्या ताईला ठाऊक होतं; त्या बडबड्यानं फोनवर आकडा सांगून टाकला होता. साहेबांना कळवायला हवं होतं, पण पोरगं चहासुद्धा पीत नाही, मग भीती कसली? तिनं ट्रे नमुन्यातली द्रव्यं ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला लावला, बटण दाबलं. सुई सत्ताविसाव्या कुपीचं झाकण भेदून आत शिरली, थेंबभर नमुना ओढून बाहेर आली. दहाव्या मिनिटाला पडद्यावरची सपाट रेघ सुळक्यासारखी उभी राहिली. उत्तेजक द्रव्य! तिनं भावाला फोन लावला. “गाढवा, शर्यतीआधी काय गिळलंस?” “काही नाही गं. नाक चोंदलं होतं, तुझ्या पर्समधली गोळी घेतली.” “नाव तरी वाचायचंस!” सुई अठ्ठाविसाव्या कुपीत शिरली. “ताई, तुझ्या पर्समधल्या गोळीचंही नाव वाचायचं?”