ट्रकखालचा मासा

काँक्रीटच्या अंगणात पाइपने पुन्हा पाणी मारून हर्शलने गळाची चौथी काठी उचलली. समोर त्याचा जुना ट्रक उभा होता. ट्रकच्या पोटाखालून गळाला लावलेली रबरी मासोळी पलीकडे घालवायची होती, तळ्यावरच्या लाकडी धक्क्यांखाली घालवतात तशी. जून लागला की लोगन मार्टिन नावाच्या तळ्यातले बास मासे उन्हाला कंटाळून धक्क्यांच्या सावलीत जाऊन बसतात. तिथे वरून काही टाकता येत नाही. काठी खालून फिरवायची आणि पोरं चपट्या दगडाने पाण्यावर भाकऱ्या काढतात तशा भाकऱ्या काढत मासोळी आत न्यायची.

शनिवारी उन्हाळ्यातली मासेमारीची पहिली स्पर्धा होती. आज जमलं तर जायचं, नाही तर डॉयलला सांगायचं की बाबा, दुसरा जोडीदार बघ, असं हर्शलने मनाशी ठरवून टाकलं होतं. लग्नं व्हायच्या आधीपासून दोघं एकाच बोटीतून मासे धरत आले होते. तोंडातून हे काढणं सोपं नव्हतं, पण नुसतं लोंबकळत ठेवण्यातही अर्थ नव्हता.

डॉयल ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसला होता आणि तिसऱ्या रिळातला गुंता सोडवत होता. काठीच्या वर बसणारं हे रीळ सगळं अंगठ्यावर चालतं. मासोळी पाण्याला लागली की तिचा वेग मरतो. त्याच क्षणी अंगठ्याने चाकाला आवरलं नाही तर चाक आपलं फिरतच राहतं आणि दोऱ्याचं घरटं होऊन बसतं. हर्शलच्या अंगठ्याला हे कधी सांगावं लागलं नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यातल्या औषधांनी त्याचा कर्करोग घालवला आणि बोटांतली जाणीवही घालवली. हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले. ओपल, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, माणूस जिवंत आहे ना, मग झालं. सगळे खूश होते. हर्शलला मात्र बरं होण्याचाच शीण आला होता.

चौथी काठी त्याने मुद्दाम आखूड निवडली होती, टोकाला मऊ. मनगटाला तेवढीच मोकळीक. रिळाचा ब्रेकही पार आवळून घेतला. मासोळी पुढच्या चाकापर्यंत गेली, तिथेच बसली, आणि अंगठ्याखाली पुन्हा घरटं झालं. ते त्याला कळलं डोळ्यांनी.

डॉयलने ती काठी काढून घेतली. मग आपल्या गाडीतून आणखी एक आणली. हिचं रीळ खाली लटकणारं होतं, त्याला अंगठ्याचं काही काम नव्हतं. काठी दणकट आहे, विणलेला दोरा भरलाय, माशाने धक्क्याच्या खांबाला वेढा घातला तरी तुटायचा नाही, असं त्याने भराभर सांगून टाकलं.

"हे पोरासोरांचं रीळ," हर्शल म्हणाला.

"मग हो की पोर. कोण बघतंय इथे?"

"ओपल बघतेय खिडकीतून."

"तिने तुला याहून वाईट अवस्थेत बघितलंय."

हर्शलला हसू आलं. त्याने काठी खालून फिरवली. मासोळी ओल्या काँक्रीटवर टप टप टप करत ट्रकखालून थेट पलीकडच्या गवतात गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. गुंता नाही, काही नाही. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. शनिवारी बर्फ कुणी आणायचा, सँडविच कुणी, हेसुद्धा डॉयलने ठरवायला घेतलं.

पण हर्शल तेवढ्यावर थांबणाऱ्यातला नव्हता. मासोळी आत जाईल, पण मासा लागल्याचं कळेल का, हा प्रश्न होताच. धक्क्याखालचा बास काही झटका देत नाही. तो मासोळी नुसती तोंडात घेतो, आणि काठीत हलकीशी टकटक होते तेवढीच. ती हातालाच कळते.

डॉयल पलीकडे गेला, कण्हत कण्हत ओल्या जमिनीवर आडवा झाला आणि मासोळी मुठीत धरून ट्रकखाली शिरला. त्याचे बूट तेवढे मागच्या चाकापाशी बाहेर राहिले.

"मी मासा," तो खालून म्हणाला. "डोळे मिट. लागला असं वाटलं की ओढ."

हर्शलने दोरा बोटावर घेतला आणि डोळे मिटले. शेजारी कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. तो वाट बघत राहिला. काठी हातात होती एवढं त्याला कळत होतं, पण ते वजनामुळे.

"मासा झोपला की काय रे?" त्याने विचारलं.

डॉयल म्हणाला, "थांब की. अजून ओढलंच नाही मी."

हर्शलने डोळे उघडले. काठीचं टोक हलत होतं. खाली जात होतं, वर येत होतं, पुन्हा खाली जात होतं. तो टोकाकडे बघत उभा राहिला. बोटाला काहीच जाणवत नव्हतं.

"डॉयल," तो म्हणाला, "तू आता दुसरा जोडीदार बघ."

काठीचं टोक थांबलं. बूट होते तिथेच राहिले.

"मी मासा आहे," डॉयल ट्रकखालून म्हणाला. "मला काही ऐकू येत नाही. डोळे मिट तू. या वेळी जोरात ओढतो."